त्रुकू की तारोको? इंग्रजी मजकुरातील या चुका टाळा

तैवानविषयीचा इंग्रजी मजकूर तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. पूर्व किनाऱ्यावरील ह्वालिएनचा उल्लेख आला, की पुढच्या परिच्छेदात कोणती चूक सापडेल हे मला आधीच कळते. तेथील डोंगराळ भागातील आदिवासी समाजाचे नाव इंग्रजीत 'त्रुकू' असे लिहावे. दरीचे आणि राष्ट्रीय उद्यानाचे नाव मात्र 'तारोको' असेच आहे. मुळात नाव एकच आहे, परंतु एक रूप माणसांचे आणि दुसरे ठिकाणाचे, अशी त्यांची वाटणी आता पक्की झाली आहे.

'तारोको' हे रूप जपानी राजवटीत रुळले. १९३७ साली जाहीर झालेल्या उद्यानाच्या नावात ते होते आणि १९८६ साली स्थापन झालेल्या आजच्या उद्यानानेही इंग्रजीत तेच ठेवले. चिनी लिपीत मात्र समाज आणि उद्यान या दोहोंसाठी तीच तीन अक्षरे वापरतात. त्यामुळे चिनीतून भाषांतर करणाऱ्याला येथे माणसे अभिप्रेत आहेत की दरी, हे प्रत्येक वाक्यात स्वतः ठरवावे लागते, आणि घाईच्या कामात नेमके तेच राहून जाते.

एका सहल कंपनीच्या पुस्तिकेत मी याचा कळस पाहिला. समाजाच्या नावाबाबत मी केलेली एक दुरुस्ती पाहून एका नवख्या सहकाऱ्याने संगणकाला एकच आज्ञा दिली आणि संपूर्ण पुस्तिकेत 'तारोको'चे 'त्रुकू' करून टाकले. उद्यान बदलले, दरी बदलली, 'तारोको एक्स्प्रेस' ही रेल्वेगाडीही बदलली. जुन्या प्रवासवर्णनातील एक उतारा अवतरणचिन्हांत जसाच्या तसा छापायचा होता, त्यातही हा बदल घुसला. छपाईपूर्वीच्या शेवटच्या प्रतीत हे दिसले, तेव्हा मूळ हस्तलिखित समोर ठेवून एकेक जागा हाताने पूर्ववत करण्यात माझे दोन दिवस गेले. सरसकट बदलाची सोय ज्यांना वेळ वाचवणारी वाटते, त्यांनी ते दोन दिवस हिशेबात धरावेत. मी स्वतः प्रत्येक जागी थांबतो, पुढचे नाम वाचतो आणि मगच हात लावतो. अवतरणाला तर लावतच नाही.

दुसरी चूक मला अधिक खटकते. 'त्रुकू'च्या इंग्रजी लेखनात टी आणि आर यांच्यामध्ये स्वर राहून गेला आहे, असे समजून अनेक जण तेथे 'ए' हे अक्षर घालतात. त्रुकू भाषेच्या रोमन लेखनात जोर पडणाऱ्या अक्षराआधीचा हलका स्वर लिहीत नाहीत. बोलताना तो निसटता ऐकू येतो, कागदावर नसतो. मराठी वाचकाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे याच्या उलट घडते: 'करतो' या शब्दातील 'र'मध्ये आपण 'अ' लिहितो, पण उच्चारत नाही. शिउलिन या तालुक्याचे मूळ नावही रोमन लिपीत बी आणि एस शेजारी ठेवून 'ब्सुरिंग' असे लिहितात. ही या समाजाने स्वीकारलेली लेखनपद्धती आहे. ती तपासकाने 'सुधारू' नये.

'त्रुकू'मधील शेवटचा 'यू' गाळल्यास मायक्रोनेशियातील 'चूक' नावाच्या बेटांचे जुने नाव 'ट्रक' तयार होते. त्रुकू भाषेत 'सीजिक' म्हणजेच माणूस, म्हणून 'सीजिक त्रुकू'पुढे 'लोक' जोडल्यास द्विरुक्ती होते. अनेकवचनासाठी शेवटी 'एस' लावू नये.

त्रुकूंना अतायल या दुसऱ्या आदिवासी समाजाची शाखा म्हणणे हा मात्र सरकारी वर्गीकरणाचा प्रश्न आहे. जानेवारी २००४ पर्यंत त्यांची गणना अतायलांमध्येच होत असे. त्या महिन्यात त्यांना स्वतंत्र मान्यता मिळाली. जुन्या ग्रंथातील उल्लेख म्हणूनच मी बदलत नाही, लेखनाचे वर्ष तेवढे नोंदवतो. सेदिक समाजाला २००८ साली वेगळी मान्यता मिळाली आणि गुंता वाढला, कारण त्कदाया, तोदा आणि त्रुकू हे त्याचेच तीन गट मानले जातात. डोंगरापलीकडे नानतौ जिल्ह्यातील त्रुकू सेदिकांमध्ये मोडतात, ह्वालिएनमधील स्वतंत्र. नुसते 'त्रुकू' लिहून आलेला मजकूर मी म्हणूनच लेखकाकडे परत पाठवतो आणि जिल्हा विचारतो. जपानी राजवटीविरुद्धच्या १९३० च्या वूशे उठावाचा नेता मोना रुदाओ हा त्कदाया गटाचा होता; त्याला त्रुकू म्हणणारे वाक्य मी थेट खोडतो, कारण त्या वेळी जपान्यांनी त्रुकू आणि तोदा योद्धे उठाव करणाऱ्यांविरुद्धच वापरले होते.