अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची घरी शुश्रूषा

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला रुग्ण घरी आणल्यावर घरच्यांचे सारे लक्ष औषधांच्या वेळांकडे आणि व्यायामाकडे लागते. ते योग्यच आहे. पण अंथरुणावर पडून असलेल्या माणसाला पाठीवरील शय्याव्रणे आणि घास श्वासनलिकेत गेल्याने होणारा न्यूमोनिया या दोन गोष्टी फार छळतात, आणि दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात.

शय्याव्रण, म्हणजेच बेडसोर, हाड आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाऊन तेथील रक्तपुरवठा तुटल्याने होते. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू या जागा रोज अंग पुसताना उजेडात पाहाव्यात. लालसर जागा बोटाने हलके दाबून सोडावी. लाली क्षणभर फिकी पडून परत आली तर रक्ताभिसरण चालू आहे, मुळीच फिकी पडली नाही तर ती व्रणाची सुरुवात समजावी. सावळ्या त्वचेवर लाली सहसा दिसत नाही, म्हणून आजूबाजूच्या त्वचेपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागणारी जागा हाताने चाचपून शोधावी. अशा जागी चोळून मालीश करण्याची आपल्याकडे सवय आहे. ती कृपया सोडावी, कारण आतल्या दुखावलेल्या पेशींना त्याने आणखी इजा होते. मध्ये भोक असलेली गोल उशीही टाळावी, कारण तिच्या कडेचा दाब आजूबाजूचा रक्तपुरवठा अडवतो.

खरा उपाय म्हणजे साधारण दर 2 तासांनी कूस बदलणे, मग रात्र असो वा दिवस. रुग्णाला कुशीवर वळवताना पलीकडचा गुडघा दुमडावा, एक हात त्याच्या खांद्यामागे आणि दुसरा खुब्यामागे ठेवून त्याला आपल्याकडे वळवावे, आणि पाठीमागे उशी लावून अंग सुमारे 30 अंश तिरके ठेवावे. पूर्ण आडव्या कुशीवर खुब्याच्या हाडावर सगळा भार येतो. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटऱ्यांखाली दुसरी असावी, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. वर सरकवायचे असल्यास ओढू नये. कमरेखाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलावे. लुळा पडलेला हात धरून तर कधीच ओढू नये, कारण सांध्याभोवतीचे स्नायू सैल झाल्याने खांदा सहज निखळतो. एअर मॅट्रेस उपयोगी असते, परंतु ती घेतली म्हणून कूस बदलणे थांबवता येत नाही. ओले डायपर लगेच बदलावे, कारण ओलसर त्वचा लवकर सोलवटते.

जेवणाच्या वेळी रुग्णाला शक्य तितके सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली ठेवावी आणि लहान चमच्याने, तोंडाच्या चांगल्या बाजूने घास द्यावा. पहिला घास गिळल्याची खात्री झाल्याशिवाय दुसरा देऊ नये, आणि शेवटी लुळ्या बाजूच्या गालात काही साचले आहे का हे पाहून तोंड स्वच्छ करावे. पाण्यासारखे पातळ पदार्थ पटकन घशात उतरतात आणि त्यांनीच ठसका जास्त लागतो. दाटसर पेज किंवा घट्ट वरण बहुधा सोपे जाते, मात्र कोणता दाटपणा चालेल हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे. जेवल्यानंतर किमान अर्धा तास रुग्णाला आडवे करू नये. खाताना आवाज घोगरा, ओलसर येऊ लागला तर ठसका लागला नसला तरी भरवणे थांबवावे.

लघवीची नळी असल्यास पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता टांगावी.

ताप, धाप, अचानक वाढलेली गुंगी किंवा त्वचेवरचा फोड दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रात्रीच्या पाळ्या घरातील दोघातिघांनी वाटून घ्याव्यात. एकट्या सुनेवर किंवा पत्नीवर सारे सोपवले की सर्वांत आधी पहाटेची कूस चुकते.