गोव्यात उजव्या पक्षाला क्रिस्तांव मतं कशी मिळतील

मी कुठल्या पक्षाचा ते जाऊ दे, पण उत्तर गोव्यात बारदेस तालुक्यात चारपाच निवडणुका दारोदार फिरलोय आणि दरवेळी मतदानाला पंधरा दिवस उरले की कोणाचा तरी फोन येतोच, अरे क्रिस्तांव (ख्रिस्ती) वाड्यावर काय करूया. खरं उत्तर म्हणजे आता काहीच करू नका, उशीर झालाय. त्यामुळे खालचं सगळं पुढच्या विधानसभेसाठी आहे आणि तेही आजपासून सुरू करणार असाल तरच वाचा.

आधी हिशोब नीट करा. २०११ च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के, ख्रिस्ती २५, मुस्लिम ८ च्या थोडे वर. पण ही सरासरी काही कामाची नाही, कारण मतदारसंघ ४० आणि एकेकात जेमतेम पंचवीस-तीस हजार मतं, निकाल कधीकधी काहीशे मतांवर फिरतो. दक्षिण गोव्यात सासष्टी तालुक्यातल्या बाणावली-वेळ्ळीसारख्या ख्रिस्तीबहुल जागांवर सगळी ताकद ओतण्यापेक्षा हळदोणा, कळंगुट, कुठ्ठाळी, कुडचडे अशा मिश्र ठिकाणी बघा, तिथे क्रिस्तांव समाजातल्या पाच जणांपैकी एकजण जरी तुमच्याकडे वळला तरी निकाल बदलतो, सगळे वळायची गरजच नाही.

२०१२ ला भाजपने हेच केलं. सहा ख्रिस्ती उमेदवार दिले आणि सहाच्या सहा निवडून आले, म्हापशात फ्रान्सिस डिसोझा, कुठ्ठाळीत माथानी साल्ढाणा, कळंगुटला मायकल लोबो, असे. एकूण जागा २१. लोक म्हणतात पर्रीकरांची जादू, असेलही, पण माथानी कोण होते बघा ना, रापणकारांच्या आंदोलनातून आलेला माणूस, मच्छीमार त्यांना पक्षामुळे नाही तर आधीपासून ओळखत होते. म्हणजे उमेदवार शोधताना फक्त आडनाव बघू नका, त्या वाड्यावर त्याने याआधी कोणासाठी भांडण केलंय ते बघा. शिवाय तेव्हा मुद्दाही तयार होता, काँग्रेसची घराणेशाही. आलेमाव कुटुंबातले चार जण उभे होते आणि चारही पडले, तेसुद्धा बहुतेक सासष्टीत. क्रिस्तांव मतदार चिडला की आपल्याच माणसाला पाडतो, हे लक्षात ठेवा, तो कोणाच्या खिशात नसतो.

२०१७ ला तर गंमतच, भाजप १३ वर घसरला पण त्या १३ पैकी ७ आमदार ख्रिस्ती. आणि मग पुढच्या पाच वर्षांत काय झालं? २०१९ च्या फेब्रुवारीत फ्रान्सिस डिसोझा वारले. त्याच वर्षी जुलैत काँग्रेसचे दहा आमदार एका फटक्यात आत घेतले. २०२२ च्या निवडणुकीच्या तोंडावर एलिना साल्ढाणा, कार्लुस आल्मेदा, लोबो एकेक करून बाहेर पडले. त्या दहा जणांपैकी २०२२ ला परत निवडून आले तिघे, बाबूश मोन्सेरात, जेनिफर मोन्सेरात आणि नीळकंठ हळर्णकर. बाकी सगळे घरी. म्हणजे आमदार फोडला तरी मतदार त्याच्याबरोबर येत नाही, आपल्या मताचा सौदा झाला म्हणून उलट चिडतो. तरी २०२२ च्या सप्टेंबरात परत काँग्रेसचे आठ आमदार घेतले, आणि २०२३ मध्ये नीलेश काब्राल, जो पहिल्यापासून पक्षात होता, त्याला मंत्रिपद सोडायला लावून काँग्रेसमधून आलेल्या आलेक्स सिक्वेरांना बसवलं. दोघंही क्रिस्तांव, त्यामुळे कागदावर बेरीज तीच. पण वाड्यावर निरोप काय गेला असेल, की इथे टिकून राहण्यापेक्षा बाहेरून आलेलं बरं. २०२४ ला दक्षिण गोव्याची लोकसभेची जागा भाजप साडेतेरा हजार मतांनी हरला तेव्हा सगळे कारणं शोधत होते, मला तरी त्यात आश्चर्य वाटलं नाही.

म्हणून पहिलं काम हे की जो आपला ख्रिस्ती कार्यकर्ता आहे, पंच असो, बूथवाला असो, त्याला टिकवा. त्याला व्यासपीठावर शोभेला बसवायचं आणि तिकीट वाटताना विसरायचं हे बंद करा. तो इगर्जेत (चर्चमध्ये) जातो तिथे त्याला लोक विचारतात, तू अजून त्यांच्यात कसा? त्याला द्यायला एक तरी उत्तर तुम्ही दिलेलं असलं पाहिजे.

ते उत्तर बहुतेक वेळा धर्माचं नसतंच, जमिनीचं असतं. डोंगर कापला, शेतात भराव घातला, नगरनियोजन कायद्याच्या १७(२) खाली झोन बदलला, मुरगावचा कोळसा, रेल्वेचं दुपदरीकरण. २०२० ला चांदरला लोक रात्री रुळावर बसले होते आठवतंय ना. गंमत म्हणजे यात उजवा पक्ष खरं तर घरच्या मैदानावर आहे, कारण जुनी घरं, कोमुनिदादीची (गावाच्या सामायिक मालकीची) शेतं, गाव जसं आहे तसं राहू दे असं म्हणणं हा पुराणमतवाद नाही तर काय? पण बिल्डरच्या बाजूने उभं राहून हे बोलता येत नाही. एखाद्या पंचायतीत एक चुकीचा झोनबदल रद्द करून दाखवा, शंभर फेस्तांच्या (चर्चच्या सणांच्या) शुभेच्छांपेक्षा जास्त चालेल.

दुसरं म्हणजे घाबरवणारे विषय उत्तरेतून उचलून आणू नका. समान नागरी कायद्यावर इथे भाषण ठोकणं म्हणजे वेळ घालवणं, पोर्तुगीज काळापासून तो आहेच की. बीफबद्दल पर्रीकरांनी २०१७ ला विधानसभेत सरळ सांगितलं होतं की टंचाई होऊ नये म्हणून बेळगावहून आणायचा पर्याय खुला आहे, दिल्लीत कोणाला काय वाटलं असेल ते असो. शाळांच्या माध्यमाचंही तसंच, विरोधात असताना मातृभाषेसाठी आंदोलन आणि सत्तेत आल्यावर डायोसेसनच्या (चर्चच्या) इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच, त्यावरून सरकारवर टीका करणाऱ्या गोव्याच्या संघप्रमुख सुभाष वेलिंगकरांना २०१६ ला संघाने पदावरून काढलं. म्हणजे आपली कट्टर माणसं ओरडणारच आहेत, ते गृहीत धरून आधीच ठरवा की शब्द कोणाला द्यायचा आणि दिल्यावर मागे फिरायचं नाही. मराठीवाले म्हणून आपल्यालाही हा त्रास आहे, रोमी लिपीतल्या कोंकणीचा विषय निघाला की आपलेच लोक तावातावाने बोलतात, तिथे निदान चेष्टा तरी करू नका.

आणि गोंयच्या सायबाबद्दल (सेंट फ्रान्सिस झेवियरबद्दल) कोणी काही बरळला, जसं २०२४ च्या ऑक्टोबरात शवप्रदर्शनाच्या तोंडावर झालं, तर निषेध त्याच दिवशी, स्थानिक आमदाराच्या तोंडून आणि कोंकणीत. तीन दिवसांनी आलेलं पत्रक कोणी वाचत नाही.

कॅनडातही हेच दिसलं बघा. २०११ ला हार्परच्या कंझर्व्हेटिव्ह पक्षाने टोरांटोच्या उपनगरांत स्थलांतरितांची मतं मिळवून बहुमत घेतलं, वर्षानुवर्षं त्यांच्या सणांना, देवळांत, गुरुद्वारांत जाऊन. आणि २०१५ ला नकाबवरून वाद आणि ‘रानटी प्रथा’ कळवायला हॉटलाइन काढू असलं आश्वासन दिलं, हरले. नऊ-दहा वर्षांची मेहनत एका प्रचारात गेली.

मुस्लिम मतांबद्दल लिहायला मला कमी माहिती आहे, वास्को-मडगावचे लोक जास्त सांगतील. एवढं दिसतं की मडगावला कब्रस्तानाच्या जागेसारखा विषय वर्षानुवर्षं रखडतो, आणि माणसाला पुरायला जागा मागणाऱ्याला तुम्ही इफ्तारचं आमंत्रण देता.

आता बारीकसारीक. रविवारी सकाळी मिसाच्या (चर्चमधल्या प्रार्थनेच्या) वेळी प्रचार नको, आम्ही एकदा एका उमेदवाराबरोबर लाउडस्पीकर घेऊन नऊ वाजता इगर्जेसमोरून गेलो होतो, त्या वाड्यावर नंतर कोणी दार उघडलं नाही. मे महिन्यात खुरसाकडे (क्रॉसपाशी) लदीन (सामूहिक प्रार्थना) असतं तिथे जा, मागे उभे राहा, चणे घ्या, भाषण नको, फोटो तर अजिबात नको. पाद्रीला मतांसाठी भेटू नका, गटाराच्या कामासाठी भेटा. तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) घरी सहा-सहा महिने नसतो, घर बायको आणि सासू चालवतात, तेव्हा पेन्शनचा फॉर्म, वीजबिल, घराचा उतारा हे त्यांना कोण करून देतं ते बघा, आणि ते काम करणारा मुलगा तुमचा असू दे. त्याला महिन्याचं पेट्रोल द्या, नाहीतर तीन महिन्यांत कंटाळतो.