नाव नको, नंबर शोधा: इंटरनेटवरच्या स्वतःच्या खुणा हुडकायच्या आणि पुसायच्या कशा

गुगलवर स्वतःचं नाव टाकलं, पहिल्या पानावर त्याच नावाचा कुणी डॉक्टर आणि एक क्रिकेटपटू निघाला, की ‘आपलं काहीच नाही बुवा इंटरनेटवर’ म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. त्यांना सल्ला देणारेही तसलेच: व्हीपीएन (इंटरनेटवर आपला ठावठिकाणा लपवणारी सेवा) घ्या, फेसबुक बंद करा. आता दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या भरतीच्या यादीत तुमचा मोबाइल, जन्मतारीख आणि पत्ता एका ओळीत छापलेला असेल, तर व्हीपीएन त्याला काय करणार? आपल्याकडे माणसाची माहिती त्याने टाकलेल्या फोटोंपेक्षा दुसऱ्यांनी चढवलेल्या याद्यांतून जास्त सांडते. प्रवेश, भरती, शिष्यवृत्ती, सोसायटीचं इतिवृत्त, मॅरेथॉनचे निकाल. शोध तिथूनच सुरू करायचा.

शोधायचं काय

इन्कॉग्निटो विंडो उघडा आणि आधी मोबाइल नंबर टाका, अवतरणचिन्हांत. एकदा सलग दहा आकडे, एकदा पाच-पाच आकड्यांमध्ये जागा सोडून, एकदा सुरुवातीला शून्य लावून. जुने, बंद केलेले नंबरसुद्धा. मग ई-मेल. आधार किंवा पॅन मात्र कुठल्याच सर्च बॉक्समध्ये टाकू नका, आणि ‘हा नंबर कुणाचा’ सांगणाऱ्या साइटवर तर नंबरही नको.

नाव त्यानंतर, आणि तेही गुणपत्रिकेवर असतं तसं: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर दोन्ही. दीपकने स्पेलिंगमध्ये एक ‘आय’ घालूनही बघावं आणि दोन ‘ई’ घालूनही. शेवटी इंग्रजीत फाइलटाइप, कोलन, पीडीएफ असं सलग (filetype:pdf) जोडलं, की नुसत्या याद्या उरतात.

मराठीतल्या जुन्या याद्यांची एक गंमत आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली पीडीएफ पडद्यावर स्वच्छ मराठी दिसते, पण त्यातली ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकली की रोमन अक्षरांची खिचडी पडते. गुगलला मजकूर म्हणून ती खिचडीच मिळाली, तर देवनागरीत नाव टाकून ती यादी सापडत नाही. आकडे मात्र अनेकदा शाबूत राहतात. नंबर आधी म्हणतो तो यासाठी.

काढायचं कसं

सापडलं की बहुतेक जण थेट गुगलकडे तक्रार करतात आणि इथेच अडकतात. मीही यावर बरंच डोकं आपटलं आहे. मूळ फाइल जशीच्या तशी जागेवर असेल तर ‘कालबाह्य मजकूर’ काढण्याची विनंती मान्य होत नाही. फोन, पत्ता, ओळखपत्राचा फोटो अशा माहितीसाठी गुगलचा वेगळा अर्ज आहे, पण सरकारी वा अधिकृत साइटवरच्या सार्वजनिक नोंदींना तिथे सहसा हात लावत नाहीत. आणि विनंती मान्य झाली तरी ती फक्त गुगलपुरती, फाइल आहे तिथेच. म्हणून आधी मूळ साइट, मग गुगल. हा क्रम उलटा करायचा नाही.

आता मूळ साइटवाल्यांना काय लिहायचं? ‘ही यादी काढा’ असं कधीही लिहू नका. गुणवत्ता यादी जाहीर करणं त्यांचं काम आहे, ते पारदर्शकतेचं कारण पुढे करणार आणि ते रास्तच आहे. नाव, क्रमांक, गुण राहू देत. मोबाइल आणि जन्मतारखेचे रकाने काढून तीच यादी पुन्हा चढवा, एवढंच मागा. पानाचा पत्ता, पान क्रमांक, ओळ क्रमांक द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला, हे खरं. पण कॉलेजच्या ऑफिसात हा निकाल फेकलात की तुमचा अर्ज ‘कायदेशीर मत घेऊ’ म्हणून फायलीत जाऊन बसतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्याने आहे. कलमं दुसऱ्या पत्रासाठी राखून ठेवा. पहिल्या पत्रात ‘यादीतल्या सगळ्याच विद्यार्थ्यांचे नंबर उघडे आहेत’ हे वाक्य जास्त काम करतं.

‘झालं, काढलं’ असा निरोप आला तरी विश्वास ठेवायचा नाही. एका महाविद्यालयाने माझ्या बाबतीत पानावरची लिंक काढली, फाइल सर्व्हरवर तशीच. पीडीएफचा पूर्ण पत्ता आधीच लिहून ठेवलेला असला तर तो थेट टाकून बघता येतं. उघडली तर काहीच काढलेलं नाही. दुसरा प्रकार काळ्या पट्टीचा. नंबरावर काळा चौकोन ओढून देतात आणि खालचा मजकूर तसाच राहतो. त्या पट्टीवरून माउस ओढा, कॉपी करा, नोटपॅडमध्ये टाका. नंबर दिसला तर फाइल परत पाठवा. तिसरं म्हणजे नोकरीच्या जाहिराती देणाऱ्या साइट. त्या याद्या उचलून आपल्याकडे चढवतात, म्हणून फाइलच्या नावाने वेगळा शोध घ्यायचा आणि त्यांना वेगळं लिहायचं.

हे सगळं झाल्यावर गुगलचा कालबाह्य मजकुराचा अर्ज. तो पाच मिनिटांचा.

बाकीचं

ट्रूकॉलर: आधी खातं बंद, मग त्यांच्या साइटवर देशाच्या कोडसह नंबर टाकून अनलिस्ट. ॲप वापरत राहून यादीतून बाहेर पडता येत नाही.

ई-मेल कुठल्या डेटाचोरीत गेला ते सायबर सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंटच्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ (haveibeenpwned.com) या साइटवर बघा. ई-मेल त्यात निघाला तर त्या साइटचा पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी जिथे जिथे लावलाय तिथेही.

गुगल मॅप्सवरचे अभिप्राय या खुणांमध्ये कुणी मोजत नाही. बालरोगतज्ज्ञ, मुलांची शाळा, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि मिसळीला पाच तारे: चौघांना एकत्र वाचलं की तुम्ही कुठल्या गल्लीत राहता ते कळतं. प्रोफाइल मर्यादित करण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, पण दुकानाखालचा तुमचा अभिप्राय राहतोच. घराजवळचे सरळ काढून टाका.

जे पुसता येत नाही

सरकारच्या महाभूलेख साइटवर सातबारा कुणीही पाहू शकतो, गट नंबरावरून किंवा नावावरून. क्षेत्र दिसतं, आणि ‘इतर हक्क’मध्ये बँकेचा बोजाही. हे उघडं ठेवण्यामागे कारण आहे: जमीन विकत घेणाऱ्याची फसवणूक टळते, आणि ते मला पटतं. पण कर्ज फिटून वर्षं लोटली तरी बोजा तसाच लटकलेला अनेकांच्या उताऱ्यावर सापडतो, आणि सोयरीक जुळवणारे तो बरोबर वाचतात. बँकेचा बेबाकी दाखला (कर्ज फिटल्याचं पत्र) घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या, आणि फेरफार मंजूर झाल्यावर उतारा पुन्हा उघडून बघा.