दिवा ‘क्लोज’ होत नाही: घरातल्या दिव्यांच्या इंग्रजीत या चुका टाळा

कोल्हापुरात घरोघरी ‘लाईट ऑफ कर’ म्हटले जाते आणि मराठीत त्यात काहीच वावगे नाही, कारण ‘ऑफ’ला ‘कर’ या क्रियापदाचा आधार असतो. तेच वाक्य इंग्रजीत नेताना ‘कर’ गळून पडते आणि ‘ऑफ द लाइट’ एवढेच उरते. प्रमाण इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ यांच्या जोडीला ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ यांसारखे क्रियापद लागतेच. म्हणून ‘टर्न ऑफ द लाइट’ किंवा ‘स्विच ऑफ द लाइट’ असे म्हणावे.

‘क्लोज द लाइट’ या चुकीचे मूळ ‘बंद करणे’ या क्रियापदात आहे. दार, दुकान आणि दिवा या तिन्हींना आपण तेच वापरतो, पण इंग्रजीत दिवा ‘क्लोज’ होत नाही. गंमत अशी की, मराठीत कोणीही ‘दिवा उघड’ म्हणत नाही, तरीही ‘क्लोज’ला जोड हवी म्हणून की काय, ‘ओपन द लाइट’ सर्रास ऐकू येते. ‘स्टार्ट द लाइट’ हे ‘सुरू कर’चे शब्दशः रूप असून तेही टाळावे.

त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर पणत्या लावतात, तिथे मात्र क्रियापदे बदलतात. ज्योत पेटवणे म्हणजे ‘लाइट अप’ नव्हे, तर नुसते ‘लाइट’, जसे ‘लाइट अ लॅम्प’, आणि ती घालवणे म्हणजे ‘पुट आउट’. पणती ‘विझव’ म्हणायला आपली जीभ धजत नाही, आपण ‘मालव’ किंवा ‘शांत कर’ म्हणतो. इंग्रजीला असा संकोच नाही. ‘पुट ऑफ’चा रूढ अर्थ मात्र पुढे ढकलणे असा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

चांगले इंग्रजी बोलणारेही सर्वनामापाशी अडखळतात. ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, पण दिव्याऐवजी ‘इट’ आले की ते मध्येच बसवावे लागते: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ हे चूकच.

पावसाळ्यात ‘लाईट गेली’ हे सांगताना ‘लाइट’ शब्द सोडून ‘द पॉवर इज आउट’ म्हणावे, आणि लाईट बिलाला ‘इलेक्ट्रिसिटी बिल’. रात्री उशिरा येणाऱ्यासाठी जिन्यातला दिवा तसाच राहू द्यायचा असेल, तर ‘लीव्ह द लाइट ऑन’ एवढे पुरते.