पदवीनंतर पुढे शिकायचं का? अर्ज भरण्याआधीचा गृहपाठ

अर्ज भरायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य पूर्ण करा : ‘मला अमुक काम करायचं आहे आणि ते आज मिळत नाही, कारण…’ अट एकच, पहिल्या भागात पदवीचं नाव येता कामा नये. ‘मला डेटा सायन्समध्ये मास्टर्स करायचं आहे’ हे इथे चालत नाही. ‘औषधांच्या चाचण्यांमधली आकडेवारी तपासायचं काम हवं आहे, पण त्या जागांना संख्याशास्त्राची पदव्युत्तर पदवी मागतात’ हे चालतं, कारण ते खरं की खोटं हे तपासता येतं.

वाक्याचा पहिला भागच सुचत नसेल, तर अजून कामाची निवड झालेली नाही. पुढे शिकता शिकता ती आपोआप होईल या भरवशावर राहू नका. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिलं सत्र संपतं न संपतं तोच इंटर्नशिपचे अर्ज सुरू होतात. काय हवं ते ठाऊक नसलेला विद्यार्थी नेमका तिथेच मागे पडतो.

काही क्षेत्रांत फार विचार करायचं कारण नाही. मानसोपचार, कायदा, विद्यापीठातलं अध्यापन, स्वतंत्र संशोधन अशा ठिकाणी बहुधा पदवी किंवा परवान्याशिवाय दारच उघडत नाही. फक्त नियम वाचायचे ते परवाना देणाऱ्या संस्थेचे. शिक्षणसंस्थेच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर तो परवान्यासाठी ग्राह्यच नाही असं कळणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

बाकी क्षेत्रांसाठी नोकरीच्या जाहिराती मोजा. हव्या असलेल्या कामाच्या ३० जाहिराती गोळा करा : १५ नवख्यांसाठीच्या, १५ पाच-सात वर्षं अनुभव मागणाऱ्या. तीन रकाने आखा : पदव्युत्तर पदवी ‘आवश्यक’, ‘असल्यास प्राधान्य’, ‘उल्लेख नाही’. नवख्यांच्या १५ पैकी १० ठिकाणी ‘आवश्यक’ असेल, तर निर्णय जवळपास झालाच. नवख्यांकडून मागत नाहीत पण वरच्या जागांना मागतात, असं दिसलं तर आधी नोकरी करून मग शिकणं हा सरळ मार्ग. ‘प्राधान्य’ या शब्दाला मात्र फार वजन देऊ नका. त्याच जाहिरातीत बहुतेकदा ‘किंवा समकक्ष अनुभव’ असंही लिहिलेलं असतं.

आता पैशांचा हिशेब. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे फक्त फी धरणं आणि बुडालेला पगार विसरणं. समजा, आत्ताच्या पदवीवर वर्षाला १०० पगार मिळेल आणि तो दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढेल. दोन वर्षं शिकलात तर १०० आणि १०८ असे २०८ बुडाले. फी १२० धरली, तर खरा खर्च ३२८. राहण्या-जेवणाचा खर्च नोकरीतही झालाच असता, म्हणून तो जितका जास्त असेल तितकाच यात मिळवा. तिसऱ्या वर्षी पदवीशिवाय पगार सुमारे ११७ झाला असता, पदवीनंतर १६० मिळतो, म्हणजे फरक ४३. तो तेवढाच राहिला तर खर्च भरून निघायला साडेसात वर्षांच्या वर लागतात. फरकही ८ टक्क्यांनी वाढत गेला तर सव्वासहा. कर आणि व्याज यात धरलेलं नाही.

कर्ज काढणार असाल तर व्याज वेगळं मांडाच. १० टक्के दराने १० वर्षांचं कर्ज असेल, तर दर १०० मागे महिन्याचा हप्ता सुमारे १.३२ पडतो आणि एकूण परतफेड १५९ च्या आसपास जाते. शिकत असतानाच्या दोन वर्षांचं साधं व्याज मुद्दलात मिळवलं, तर हीच परतफेड १९० वर पोचते. हा हप्ता हातात येणाऱ्या पगारातून द्यायचा असतो. तेव्हा नोकरीच्या करार-पत्रावरचा मोठा आकडा धरू नका, कर वगैरे कापून उरणारी रक्कम धरा.

आणि पदवीनंतरचा तो १६० आला कुठून? संस्थेच्या पत्रकातून आला असेल तर थांबा. ६० जणांच्या वर्गातल्या ३० जणांनीच माहिती दिली आणि त्यातल्या २७ जणांना नोकरी लागली, तरी पत्रकावर ‘९० टक्के’ छापता येतं. उरलेल्या ३० जणांचं काय झालं ते त्यात कुठेच नसतं. म्हणून ईमेलवर चार गोष्टी विचारा : वर्गात किती जण होते, किती जणांनी माहिती दिली, किती जण त्याच विषयातल्या कामाला लागले, आणि पगाराची सरासरी नव्हे तर मध्यक (सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की मधोमध येणारा आकडा) किती. दोघातिघांना गलेलठ्ठ पगार मिळाला की सरासरी फुगते, मध्यक सहसा जागचा हलत नाही. उत्तर टाळलं गेलं तर ती संस्था यादीत खाली न्या.

माजी विद्यार्थ्यांशी बोलाच, पण संस्थेने नावं दिलेल्यांशीच नको. ती माणसं खुशीतली असणारच. तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेले चार-पाच जण स्वतः शोधा, जमलं तर मध्येच सोडून गेलेला एखादाही. ‘कोर्स कसा आहे?’ असं विचारलं की ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळतं. ‘ही पदवी नसती तर आत्ताची नोकरी मिळाली असती का?’ असं विचारा आणि समोरचा विचार करत असेल तर मध्ये बोलू नका.

पीएचडीचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे चार ते सहा वर्षं जातात आणि संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचा ठरतो. विद्यावेतन नसेल तर स्वतःच्या पैशांनी पीएचडी करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. मार्गदर्शकाच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना विचारा : मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत येतो, शेवटच्या पाच जणांना किती वर्षं लागली, किती जण सोडून गेले. स्वतःची परीक्षा घ्यायची तर त्या विषयातले पाच शोधनिबंध अथपासून इतिपर्यंत वाचा आणि एकातला एखादा आलेख मूळ आकड्यांवरून स्वतः काढून पाहा. आकडे जुळत नाहीत, पद्धत अर्धवट लिहिलेली आहे, तीन संध्याकाळी गेल्या : अशा वेळी चिकाटी वाढते की कंटाळा येतो, ते नीट बघा. पुढची कित्येक वर्षं काम असंच असतं.

सगळं करूनही मन डळमळत असेल तर आधी एक-दोन वर्षं नोकरी करा. शुद्ध गणित किंवा सैद्धांतिक भौतिकशास्त्र असेल तर मात्र खंड शक्यतो नको, सराव फार लवकर सुटतो. थांबायचं ठरवलंत तरी कॉलेज सोडण्यापूर्वी दोन कामं उरका. पहिलं, गुणपत्रिकांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. दुसरं, दोन-तीन प्राध्यापकांना आत्ताच भेटून शिफारसपत्राबद्दल बोला आणि त्यांच्याकडे केलेलं काम, गुण, प्रकल्पाचा विषय असं एक पान लिहून द्या. दोन वर्षांनी त्यांना चेहरा आठवेल, तपशील आठवणार नाही. परदेशातल्या प्रवेशासाठी मागितल्या जाणाऱ्या जीआरई परीक्षेचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे साधारण दोनच. त्यामुळे भाषेची परीक्षा आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

प्रवेश हातात असताना थांबायचं असेल, तर जागा वर्षभर राखून ठेवता येते का ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जागा राहिली म्हणजे शिष्यवृत्तीही राहिली असं नव्हे, तो प्रश्न वेगळा विचारा. आणि जायचंच ठरलं, तर फी परत मिळण्याची शेवटची तारीख आणि एका वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे का, हे दोन्ही पहिला हप्ता भरण्याआधी कॅलेंडरवर लिहून ठेवा.