वर्गातला टॅब आणि पोरांचं वाचन: या चुका टाळा

तिसरीचा वर्ग, भिंतीवर प्रोजेक्टर, त्यावर गोष्ट. एक पोरगा उभा राहून खणखणीत वाचत होता आणि त्याच्या नावापुढे 'गोष्ट स्तर', म्हणजे गोष्ट वाचता येते, असं लिहायला मी पेन टेकवलं होतं. तेवढ्यात लाइट गेली. भिंत कोरी झाली. पोरगा मात्र थांबला नाही, आणखी दोन वाक्यं 'वाचून' मगच खाली बसला. वर्ग हसला, मीही हसलो. घरी जाताना गाडीवर हिशेब केला, तर तीच गोष्ट त्या महिन्यात मी सहा वेळा लावली होती. पोराला गोष्ट येत होती, वाचता येत होतं की नाही ते मला माहीतच नव्हतं.

मी काही वर्षं सातपुड्याच्या पायथ्याशी शिकवलं, आता खानदेशातच बोरी नदीकाठच्या एका गावात आहे. शाळा द्विशिक्षकी. लोकवर्गणीतून आलेला टीव्ही आहे, चार टॅब आहेत, त्यातले तीन चालतात. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

शिकवायचा उतारा आणि तपासायचा उतारा एकच ठेवणं

ही सगळ्यात सोपी चूक आणि सगळ्यात जास्त घडणारी. ५ जुलै २०२१ला निपुण भारत हे केंद्राचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान सुरू झालं, तेव्हापासून तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं हे लक्ष्य सगळ्यांना पाठ आहे. पण त्या लक्ष्यातला 'अनोळखी उतारा' हा शब्द आपण सोडून देतो. टॅबमध्ये डाउनलोड करून ठेवलेल्या दहा गोष्टी पोरांनी दिवाळीपर्यंत पाठ केलेल्या असतात, आणि चाचणीही त्यातल्याच एका गोष्टीवर होते.

उपाय स्वस्त आहे. पडद्यावरच्या गोष्टी शिकवायला ठेवा. चाचणीसाठी साधारण सारख्या अवघडपणाचे चार-पाच उतारे कागदावर छापून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा आणि आलटून पालटून वापरा. आणि एकेकाला ओट्यावर बोलवा. वर्गात सगळ्यांसमोर घेतलेल्या चाचणीत पहिली तीन पोरं वाचतात, बाकीची ऐकून म्हणतात.

'शाया' वाचलं म्हणून लाल खूण

आता आवाज ऐकून वाचन तपासणारी ॲप आली आहेत. पोर वाचतं, बरोबर शब्द हिरवे होतात, चुकलेले लाल. सरावाला चांगली आहेत, पोरं आवडीनं बसतात. पण त्यांचा आकडा जसाच्या तसा नोंदवहीत उतरवला की घोटाळा होतो, आणि आमच्याकडे तो फार मोठा होतो.

अहिराणी आणि तावडी या खानदेशी बोली बोलणाऱ्या बऱ्याच घरांत ळ तोंडी नसतो, तिथे य येतो. केळी केयी होते, डोळा डोया होतो, शाळा शाया. ण चा न होतो, पाणी पानी होतं. पोरगी 'शाळा' हा शब्द बघते, ओळखते आणि आपल्या तोंडानं वाचते, शाया. ॲपचा कान प्रमाण मराठीवर तयार झालेला. लाल खूण. एका उताऱ्यात शाळा, फळा, सकाळ, खेळ आले की चार चुका तिथेच जमा झाल्या. त्यात लहान पोरांचा बारीक आवाज, पंख्याची घरघर, पावसाळ्यात पत्र्यावरचा ताशा.

समजा दुसरीतल्या एका पोरीनं मिनिटात ५२ शब्द वाचले आणि ॲपनं ११ चुका दाखवल्या. बरोबर शब्द ४१. दुसरीसाठी अपेक्षा ४५ ते ६० शब्दांची, म्हणजे पोरगी मागे. आता तेच वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून संध्याकाळी निवांत ऐका. ११ पैकी ७ ठिकाणी तिनं शब्द बरोबर ओळखलाय, फक्त ळ चा य आणि ण चा न केलाय. खऱ्या चुका ४, बरोबर शब्द ४८. तीच पोरगी, तेच मिनिट.

मग हिला ळ खरंच ओळखता येतो की ती अंदाजानं य म्हणते, हे कसं कळणार? यासाठी माझ्याकडे दोन चित्रं आहेत, फुलांची माळ आणि माय. चिठ्ठीवर 'माळ' लिहून दाखवतो. तिच्या तोंडून दोन्हींना 'माय'च येतं, पण बोट कुठल्या चित्रावर जातं ते बघायचं. बोट माळेवर गेलं तर ळ वाचता येतोय. विषय संपला. प्रमाण उच्चार शिकवायचा तर जरूर शिकवा, पण तो वेगळ्या तासाला. त्याचे गुण वाचनातून कापू नका. तोंडातली बोली काढून टाकणं हे वाचन चाचणीचं काम नव्हे, असं माझं ठाम मत आहे, आणि शिक्षण परिषदेत, म्हणजे आम्हा शिक्षकांच्या बैठकीत, यावरून माझे वादही झालेत.

रेकॉर्डिंग ऐकताना मी शब्दावर तीन प्रकारच्या खुणा करतो. 'उ' म्हणजे फक्त उच्चार वेगळा. ही चूक धरत नाही. 'अ' म्हणजे अर्थ धरून बदल: उताऱ्यात 'शेत' आहे आणि पोर 'वावर' वाचून पुढे गेलं. ही अचूकतेत चूक धरतो, पण मनातून खूश होतो, कारण त्याला वाक्य कळलंय. 'फ' म्हणजे पहिलं अक्षर बघून फेकलेला शब्द, 'पतंग' ऐवजी 'पपई'. खरं काम या तिसऱ्या ढिगात असतं. ॲपला मात्र तिन्ही सारखेच लाल. पोरानं आपणहून दुरुस्त केलेला शब्द बरोबर धरायचा. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगून पुढे न्यायचं आणि तो शब्द चुकीत मोजायचा.

रेकॉर्डिंग व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, हेही इथेच सांगतो. अडखळणारं पोर गावभर ऐकलं जातं आणि दुसऱ्या दिवशी ते शाळेत येत नाही.

घड्याळ पोरासमोर ठेवणं

टॅबवर मोठे आकडे उलटे पळताना दिसले की पोर घोडा होतं. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, शेवटी 'गोष्टीत कोण होतं?' विचारलं तर आढ्याकडे बघतं. घड्याळ आपल्या हातात, स्क्रीन खाली. शिवाय मराठीत 'घरासमोरच्या' हा एकच शब्द आहे, हे विसरून इंग्रजीच्या वेगाशी तुलना करू नका. उताऱ्यात असे लांबलचक शब्द किती आहेत यावर मिनिटाचा आकडा सहज हलतो.

अक्षरापासून सुरुवात करून शब्दावरच थांबणं

'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी २००५ पासून चालू आहे. तिची तपासणी साधी आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. पण सुरुवात होते परिच्छेदापासून. तो सलग, तीनपेक्षा जास्त न चुकता वाचला तर गोष्ट द्यायची. नाही जमला तर शब्दांवर उतरायचं, तिथे पाचापैकी चार आले पाहिजेत. तेही नाही, तर अक्षरं. आपण उलटं करतो. मुळाक्षरांचा तक्ता आधी घेतो, पोर कंटाळतं, शब्दांपाशी येईपर्यंत लक्ष उडतं आणि आपण 'शब्द स्तर' लिहून मोकळे होतो. वर तो गट भिंतीवर नावांसह लावतो. नका लावू.

पडद्यावरचं अक्षर आणि पुस्तकातलं अक्षर

हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. एक पोरगी कागदावर भराभर वाचायची, टॅबवर 'ल' आणि 'श'ला अडायची. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा दिसलं: टॅबमधला फाँट हिंदी वळणाचा, तिथला ल आणि श वेगळ्या आकाराचा. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. पाठ्यपुस्तकात 'विद्‌यार्थी' असा द चा पाय मोडून छापलेला शब्द पाहिलेल्या पोरासमोर पडद्यावर द आणि य एकात गुंतलेले येतात, तेव्हा ते नवीनच अक्षर असतं. चाचणीआधी उतारा त्याच टॅबवर उघडून बघा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल मोबाइलवर उघडली की नुसती चिन्हांची भेळ दिसते. ती युनिकोडमध्ये नव्यानं टाइप करा किंवा सरळ छापील कागदाचा फोटो काढून पीडीएफ करा. टॅब आडवा धरायला सांगा, नाहीतर ओळ मध्येच तुटते आणि पोर एक ओळ गाळून खालच्या ओळीवर उडी मारतं.

प्रश्न मराठीत, म्हणून उत्तरही मराठीतच मागणं

'आजी कुठे गेली?' 'बजारमा गई.' उत्तर बरोबर आहे, पूर्ण गुण द्या. अहिराणी आपल्याला कळते, म्हणून हे सोपं जातं. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळकडे किंवा चोपडा-यावलच्या पाड्यांवर पोर पावरी किंवा भिलोरी बोलतं, नवापूरकडे मावची, या सगळ्या आदिवासी बोली. तिथे मराठी हीच त्याची शाळेतली नवी भाषा असते. ते खडखडीत वाचतं, अर्थ विचारला की गप्प. मग आपण लिहितो, 'आकलन नाही'. पाड्यावर असताना मी पाचवीतल्या एका मोठ्या मुलीला शेजारी बसवायचो. मी मराठीत विचारायचो, ती पावरीत सांगायची, पोर पावरीत बोलायचं. निम्म्याहून जास्त 'गप्प' पोरं बोलायला लागली. उरलेल्यांना खरंच कळलेलं नव्हतं, आणि आता ते नक्की ठाऊक झालं होतं. उताऱ्याचा विषयही बघा. समुद्र, होडी, वाळूचा किल्ला यांवर चाचणी घेऊन पोराच्या वाचनाबद्दल काय कळणार? तापी, कापूस, केळीचं घड, होळीचा बाजार हे विषय काही कमी अवघड नसतात.

शेवटच्या रात्रीची नोंद

गुण भरायची मुदत संध्याकाळी संपते, सर्व्हर दुपारपासून गोल फिरत असतो, आणि रात्री अकराला तालुक्यातले सगळे गुरुजी एकाच वेळी मोबाइल घेऊन बसलेले असतात. अशा वेळी आठवून आठवून आकडे भरले जातात. हे टाळायचं तर एकच गोष्ट करा, नोंद आधी वहीत, तारखेसह, आणि मग मोबाइलवर. ऑफलाइन चालणाऱ्या ॲपमध्ये भरलेलं वर चढलं की नाही हे रेंजमध्ये आल्यावर उघडून बघा. टॅब हँग झाला म्हणून कुणीतरी रिसेट मारला आणि सगळ्या वर्गाचं वाचन गेलं, असं आमच्या शाळेत एकदा झालंय.

आणि गैरहजर पोराला शून्य भरू नका. नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि होळीला परततात. दिवाळीआधी शब्द वाचणारं पोर मार्चमध्ये अक्षरांवर आलेलं असतं. शून्य लिहिलं तर ते कच्चं दिसतं, 'अनुपस्थित' लिहिलं तर निदान का मागे पडलं ते कळतं. परतलेल्या पोराची चाचणी पहिल्याच दिवशी नको. आठवडाभर वाचू द्या.

मे महिना

जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात टॅब कोंडून आपण सुट्टीवर जातो, कुणी पूर्ण चार्ज करून, कुणी पूर्ण उतरवून. दोन्ही वाईट. लिथियम बॅटरी साधारण निम्म्या चार्जवर, बंद करून, थंड जागी ठेवावी. पक्क्या छताच्या खोलीत किंवा रजिस्टरमध्ये नोंद करून मुख्याध्यापकांच्या घरी. बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं असेल तर तो टॅब चार्जिंगला लावू नका, दाबून तर अजिबात बसवू नका.

दिव्याच्या प्रोजेक्टरचं मुख्य बटण थेट बंद केलं की आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा लवकर जातो. आधी रिमोटनं बंद करा, पंखा थांबू द्या, मग बटण. लाइट जाण्याचा भरवसा नसेल तिथे छोटा यूपीएस लावा. जाळीतली धूळ महिन्यातून एकदा ब्रशनं काढायची. कापसाच्या दिवसांत पंधरा दिवसांनी.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी टॅब चार्जिंगला लावा आणि कोणता चालतो, कोणता नाही याची यादी करा. पोरांची चाचणी दुसऱ्या आठवड्यात, नव्या उताऱ्यावर, लाइट असो वा नसो.