सीमाभागात जुनी मोटार घेताना : आधी कागद, मग इंजिन

बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात कोणी जुनी मोटार दारात आणली की बघणाऱ्यांचा पहिला प्रश्न ‘पासिंग कुठलं?’ म्हणजे नोंदणी कोणत्या आरटीओची, असा असतो, आणि तो अगदी रास्त आहे. आपल्या बाजारात बेळगावच्या केए २२ आणि चिक्कोडीच्या केए २३ या गाड्यांच्या रांगेतच कोल्हापूरच्या एमएच ०९, सांगलीच्या एमएच १० आणि गोवा पासिंगच्या गाड्याही उभ्या असतात. परराज्यातली गाडी पुष्कळदा कमी किमतीत मिळते, पण तो फरक म्हणजे पुढे आपल्याला भरावा लागणारा कर आणि आरटीओच्या खेपा, हे घेणाऱ्याच्या ध्यानात उशिरा येते. म्हणून दहा-बारा वर्षे चाललेली गाडी घ्यावी की नाही, हे ठरवताना बॉनेट उघडण्याआधी कागद उघडावेत, असा माझा आग्रह आहे. इंजिनाचे काम निघाले तर ते पैसे घालून नीट होते. कागद अडकले तर चालती गाडीही दारात उभी राहते.

हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझ्या थोरल्या भावाने काही वर्षांपूर्वी कोल्हापूर पासिंगची एक गाडी घेतली. विकणाऱ्याने ‘एनओसी (आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र) महिन्याभरात देतो’ म्हणून पूर्ण रक्कम आधीच घेतली, आणि नंतर कळले की गाडीवरचे कर्ज फिटलेलेच नव्हते. बोजा असताना कर्ज देणाऱ्या कंपनीच्या संमतीशिवाय एनओसी मिळत नाही, एनओसीशिवाय इकडे नोंद होत नाही, आणि पैसे तर देऊन झालेले. ती गाडी सात महिने अंगणात ताडपत्रीखाली राहिली. भावाची चूक एवढीच की त्याने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, फायनान्स कंपनीचे नाव आहे का, हे पाहिले नाही.

गाडीचा क्रमांक हाती आला की एमपरिवहन अ‍ॅपवर किंवा परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, मुदत, विमा, बोजा आणि थकलेले ई-चलन हे सारे पाहता येते. हे काम गाडी बघायला जाण्याच्या आदल्या रात्रीच उरकावे. प्रत्यक्ष गेल्यावर आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर जुळवून पाहावा. खोडल्याची, घासल्याची किंवा पुन्हा ठोकल्याची खूण दिसली तर पुढे बोलणीच करू नयेत. विकणारा स्वतः मालक नसेल, तर आरसीवर ज्याचे नाव आहे त्याच्याशी एकदा समोरासमोर बोलल्याशिवाय इसार देऊ नये. गाडी दोन-तीन हात फिरलेली, पण नावावर मात्र पहिल्याच मालकाच्या, असे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताची जबाबदारीही त्याच्यावर येते. त्यामुळे नाव बदलणे ही विकणाऱ्याच्याही हिताची गोष्ट आहे, आणि ती टाळणाऱ्या माणसाबद्दल शंका घ्यायला जागा असते.

परराज्यातल्या गाडीचे गणित वेगळे मांडावे लागते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली तर तिथे नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी नमुना २८ मध्ये, नव्या क्रमांकाचा अर्ज नमुना २७ मध्ये, मालकी बदलाचे अर्ज नमुना २९ आणि ३० मध्ये, आणि कर्ज फिटले असल्यास बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५, अशी कागदांची साखळी पूर्ण करावी लागते. त्यावर गाडीचे वय पाहून कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. ही रक्कम किती होईल हे एजंटाच्या तोंडी अंदाजावर न सोडता, ज्या आरटीओत नोंद करायची तिथेच विचारून कागदावर लिहून घ्यावे, आणि मगच गाडीची किंमत ठरवावी. ज्यांचे घर महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आणि रोजचे कामकाज बेळगावात आहे, त्यांनी तर गाडी कोणत्या पत्त्यावर घ्यायची हे गाडी निवडण्याआधी ठरवणे शहाणपणाचे आहे.

वयाचाही एक हिशेब आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि ही मुदत नोंदणीच्या दिवसापासून मोजली जाते. मालक बदलला म्हणून ती नव्याने सुरू होत नाही. जून २०१२ मध्ये नोंदलेल्या गाडीचे री-पासिंग, म्हणजे नोंदणीचे नूतनीकरण, जून २०२७ मध्ये येणार. ते पाच-पाच वर्षांसाठी मिळते, त्यासाठी गाडी तपासणीत उतरावी लागते, मोटारीसाठी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये शुल्क आहे, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ते २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले. कर्नाटकात पंधरा वर्षांनंतर हरित करही लागतो. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त वाटते तेव्हा हा सगळा खर्च एक-दोन वर्षांवर आलेला असतो, हे विसरू नये.

आता गाडीकडे वळू. आपल्या भागातल्या जुन्या गाड्यांचे दोन शत्रू आहेत : पूर आणि गंज. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात सांगली, कोल्हापूर, शिरोळ, तसेच निपाणी, चिक्कोडी, गोकाक भागांत पाणी शिरले, आणि त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या नसतील असे धरून चालू नये. नवे सीट कव्हर आणि अत्तराचा वास पाहून मन भरू देऊ नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या वितीवर चिखलाची रेघ आहे का ते पाहावे, गालिचा उचलून खालची पत्र्याची बाजू आणि सीटच्या रुळांचे बोल्ट बघावेत, डिकीतल्या स्टेपनीखालच्या खड्ड्यात हात घालावा, आणि डॅशबोर्डखाली वायरींच्या जोडांवर हिरवट कळा आली आहे का ते टॉर्चने पाहावे. इंजिन बदलता येते. पाणी शिरलेल्या गाडीची वायरिंग मात्र वर्षानुवर्षे त्रास देते. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये, यात माझ्या मनात अजिबात शंका नाही.

गंजाचे तसे नाही. तिथे प्रमाण पाहायचे. खानापूर, जांबोटी, चंदगड, आंबोली पट्ट्यातील पावसात वाढलेली गाडी आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेली गोव्याची गाडी खालून बघितल्याशिवाय पसंत करू नये. दाराच्या कडेला आलेला थोडा गंज डेंटिंग-पेंटिंगवाला काढून देतो. पण शॉकअ‍ॅब्सॉर्बर जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा किंवा दारांखालची लांब पट्टी बोटाने दाबल्यावर मऊ लागली, तर ती गाडी सोडून द्यावी.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्याआधीच विकणाऱ्याने गाडी चालू करून ठेवली असेल, तर शांतपणे ‘उद्या सकाळी येतो’ म्हणावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जात असण्याची भीती असते. ऑइलच्या टोपणाखाली दुधट साय दिसली तर ती भीती आणखी बळावते. टायरवर चार आकडी खूण असते : २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. मीटर चाळीस हजार दाखवते आणि पेडलचे रबर गुळगुळीत झाले आहे, असे असेल तर पेडलवर विश्वास ठेवावा. चाचणीची फेरी सपाट रस्त्यावर न घेता महामार्गाने वंटमुरी घाटाकडे न्यावी. क्लच घसरतो का, चढावर तापमानाचा काटा वर जातो का, उतारावर ब्रेक एका बाजूला ओढतात का, हे तिथे कळते.

त्यानंतर आपला माहितीतला मिस्त्री बरोबर घ्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. विकणाऱ्याच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये केलेली तपासणी ही तपासणी नव्हे. बेळगावात उद्यमबागेसारखी कारखानदारी असल्याने यंत्राची जाण असलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत. सुट्या भागांचीही चौकशी आपल्या मिस्त्रीकडेच करावी. शेवरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. अशा गाड्या चांगल्या असूनही स्वस्त मिळतात, पण एखादा सेन्सर किंवा दिवा गेला तर तो कुठून आणि किती दिवसांत येईल, हे आधी विचारावे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल मिसळतात. ते आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांतही बनते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, म्हणून इंधनाच्या पाइपांना भेगा आहेत का, ते पाहून घ्यावे.

मग घरी बसून पहिल्या वर्षाचा खर्च मांडावा. उदाहरणादाखल, मागणी १,८०,००० रुपये; टायर २०,०००, क्लच आणि टायमिंग बेल्ट १८,०००, बॅटरी ५,०००, विमा ८,०००, आरटीओचा खर्च ६,०००. म्हणजे गाडी प्रत्यक्षात २,३७,००० रुपयांना पडली. परराज्यातली असेल तर कर वेगळा. या एकूण रकमेत दोन-तीन वर्षे कमी चाललेली, स्थानिक पासिंगची गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी. आठवड्यातून एकदा बाजाराला आणि सणाला गावी जाण्यापुरती गाडी हवी असेल, तर जुनी गाडी परवडते. रोज बेळगाव-कोल्हापूर ये-जा करणाऱ्याने ती घेऊ नये, असे मला वाटते.

सौदा ठरल्यावर इसार थोडाच द्यावा आणि शिल्लक रक्कम बँकेतून, अर्जांवर सह्या झाल्यानंतर द्यावी. करारपत्र कन्नडमध्ये असेल आणि आपल्याला ते नीट वाचता येत नसेल, तर सही करण्यापूर्वी जाणत्या माणसाकडून ओळ न ओळ वाचून घ्यावे. कानडी अंकांत लिहिलेली रक्कमही तपासून घ्यावी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि परराज्यातील व्यवहारात पंचेचाळीस दिवसांत आरटीओला कळवायचे असते, घेणाऱ्याने तीस दिवसांत. विमा मात्र चौदा दिवसांतच आपल्या नावावर करून घ्यावा. गाडी ताब्यात घेताना पोचपावतीवर तारखेबरोबर वेळ आणि मीटरचा आकडाही लिहून दोघांनी सह्या कराव्यात, कारण एखादे चलन किंवा अपघात झाला त्या वेळी गाडी कोणाच्या ताब्यात होती, हे त्यावरून सांगता येते. विकणाऱ्याने आपला फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, आपण नवा घ्यावा, आणि नवी आरसी हाती येईपर्यंत ती पोचपावती व अर्जांच्या प्रती गाडीतच ठेवाव्यात.